उन्हाळ्याच्या तोंडी हमरापूर परिसरातील हवा आणि परसबागेची लागवड

भाताची झोडणी आटोपली, वालाच्या शेंगा खुडून झाल्या आणि शिमगा जवळ आला की कोकणातील शेतकरी बहुधा शेतीच्या कामास विसावा देतो. पावसाळ्याच्या प्रारंभापर्यंत राब भाजणे, बांध दुरुस्त करणे व लाकूडफाटा साठविणे एवढीच कामे उरली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंतचे हे सुमारे तीन महिने पाहता पाहता निघून जातात आणि त्या काळात जे केले अथवा केले नाही, त्याचे फळ पुढील वर्षभर भोगावे लागते. घराजवळील चार वाफ्यांत भाजी पिकवावयाची की बाजारातून आणावयाची, कलमे जगवावयाची की दरवर्षी नवी लावावयाची आणि रानातील पालापाचोळा जाळून धूर करावयाचा की जमिनीस परत द्यावयाचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच दिवसांत ठरतात. यास्तव पेण तालुक्यातील हमरापूर व आसपासच्या गावांचे उदाहरण समोर ठेवून उन्हाळ्याच्या प्रारंभीची हवा, तिची शुद्धाशुद्धता आणि लागवडीची पूर्वतयारी यांचा येथे एकत्र विचार केला आहे.

परिसराची ठेवण

हमरापूर हे पनवेल–रोहे लोहमार्गावरील गाव. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग येथून दूर नाही. पूर्वेकडे सह्याद्रीच्या फाट्यांची डोंगररांग आणि पश्चिमेकडे धरमतर खाडीच्या अंगाने पसरलेल्या खारजमिनी, अशा दोन भिन्न प्रकृतींच्या मधोमध हा पट्टा वसलेला आहे. डोंगरउताराची जमीन तांबूस, हलकी व लवकर सुकणारी; तर खाडीकडील जमीन चिकण, भारी व क्षारयुक्त. एकाच गावातील दोन शेतकऱ्यांस एकच सल्ला लागू पडत नाही, तो याच कारणाने.

शेतीखेरीज या परिसराची दुसरी ओळख म्हणजे गणेशमूर्तींचे कारखाने. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत मूर्तिकामावर शेकडो कुटुंबांची उपजीविका चालते, आणि उन्हाळ्यात हे काम जोरात असते. म्हणजे ज्या दिवसांत राबाचा धूर असतो, त्याच दिवसांत रस्त्यांची धूळ व कारखान्यांतील भुकटीही हवेत असते. हवेचा विचार करताना या सर्व गोष्टी एकत्र पाहावयास हव्यात.

मतलई आणि खारे वारे

उन्हाळ्यातील कोकणची हवा समजून घ्यावयाची, तर दोन वाऱ्यांची ओळख पुरेशी आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते व वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा. दिवसा जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील दमट, थंड हवा आत येते. हा खारा वारा. मतलई पहाटेपासून सकाळपर्यंत जाणवतो, तर खारा वारा दुपारच्या सुमारास सुरू होऊन सायंकाळपर्यंत टिकतो.

खारा वारा वेळेवर आला तर दुपारचे तापमान आवाक्यात राहते. परंतु मार्च महिन्यात केव्हा केव्हा पूर्वेकडील कोरडा वारा इतका जोर धरतो की खारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरू शकत नाही. अशा दिवशी पारा एकाएकी चढतो. म्हणून कोकणात उष्णतेची लाट मे महिन्यापेक्षा मार्चमध्येच अधिक अनपेक्षितपणे येते. रायगड जिल्ह्यातील भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. किनारपट्टीच्या भागात कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर भारत हवामान विभाग तेथे उष्णतेची लाट समजतो. विदर्भातील शेतकऱ्यास ३७ अंश सौम्य वाटतील. परंतु कोकणात हवेतील दमटपणामुळे अंगावरील घाम सुकत नाही व शरीरास त्रास अधिक होतो. शेतमजुरांची कामे अशा दिवसांत सकाळी अकराच्या आत व सायंकाळी चारनंतर करावीत.

पिकांच्या दृष्टीने यातून एक व्यवहारी नियम निघतो. सकाळी दहा वाजल्यानंतरही वारा पूर्वेकडूनच वाहत असेल, हवा कोरडी लागत असेल आणि डोंगर धुरकट दिसत असेल, तर तो दिवस कडक जाणार असे समजून रोपांना सकाळीच पाणी द्यावे, कोवळ्या रोपांवर सावली करावी आणि त्या दिवशी कोणतीही फवारणी करू नये. विशेषतः गंधकाची फवारणी तीव्र उन्हात पाने करपविते. काकडीवर्गीय वेलींस तर ती अधिकच बाधते.

हवेतील धूळ आणि धूर

हवा शुद्ध आहे की अशुद्ध, हे केवळ डोळ्यांनी ठरविता येत नाही. देशात २०१५ सालापासून हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक प्रसिद्ध होतो. त्यात ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिवाईट व त्यापुढे गंभीर अशी प्रतवारी आहे. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण सर्वांत घातक मानले जातात, कारण ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. मनुष्याच्या केसाची जाडी अशा कणाच्या सुमारे तीसपट असते. या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशात दर घनमीटर हवेमागे ६० मायक्रोग्रॅम अशी ठरविलेली आहे. रस्त्याची धूळ बहुतांशी जाडसर असते. धुरातील कण मात्र फार बारीक असतात. म्हणून डोळ्यांत जाणारी धूळ अधिक त्रासदायक वाटली, तरी छातीस धूर अधिक अपायकारक आहे.

दिवसाच्या कोणत्या वेळी हवा खराब असते, याचाही विचार करावा. रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. सायंकाळी उशिरा पेटविलेल्या राबाचा, कचऱ्याचा अथवा वीटभट्टीचा धूर या झाकणाखाली अडकून रात्रभर गावावर तरंगत राहतो. सूर्य वर येऊन जमीन तापली की हे झाकण मोडते व दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने हवा बरीचशी धुऊन निघते. म्हणजे पहाट, जी आपण सर्वांत निर्मळ समजतो, तीच धुराच्या दिवसांत सर्वांत दूषित असू शकते. दम्याचे रुग्ण, वृद्ध व लहान मुले यांना अशा सकाळी बाहेर काम देऊ नये.

पिकांवरही धुळीचा परिणाम होतो. पानावर बसलेला थर सूर्यप्रकाश अडवितो, पानांची सूक्ष्म छिद्रे बुजवितो आणि पान अधिक तापते. धुळीने माखलेल्या भेंडी, वांगी व वेलवर्गीय भाज्यांवर लाल कोळी ही कीड लवकर वाढते. यावर पहिला उपाय औषधाचा नसून पाण्याचा आहे. रस्त्याकडेच्या परसबागेत आठवड्यातून एकदोनदा सकाळी झारीने पानांच्या दोन्ही बाजू गोड्या पाण्याने धुवाव्यात, म्हणजे दुपारपर्यंत पाने सुकतात. सायंकाळी पाने भिजवून ठेवल्यास बुरशीस वाव मिळतो. रस्ता व वाफा यांच्यामध्ये मेंदी, अडुळसा अथवा गिरिपुष्पाचे दाट कुंपण केल्यास बरीचशी धूळ तेथेच अडते.

मूर्तिकारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्लास्टर हे मूलतः जिप्समपासून बनते व जिप्सम चोपण जमिनीच्या सुधारणेसाठी वापरतात, हे खरे. परंतु म्हणून फुटक्या मूर्तींचा चुरा शेतात अथवा खाचरात टाकणे योग्य नव्हे. त्यात रंग व इतर द्रव्ये मिसळलेली असतात. शिवाय या भागातील खारजमिनीचा मुख्य दोष क्षारांचा आहे आणि ते क्षार गोड्या पाण्याच्या निचऱ्यानेच जातात. कारखान्यात झाडलोट करण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडावे, घासकाम करणाऱ्यांनी नाकातोंडावर चांगला मुखपट्टा बांधावा व चुरा स्वतंत्र पोत्यांत साठवावा. त्यायोगे कारागिराची छाती व शेजाऱ्याची बाग, दोन्ही सांभाळली जातात.

राब : लाभ आणि हानी

या दिवसांतील धुराचे सर्वांत जुने व सर्वांत आपलेसे कारण म्हणजे राब. भाताच्या रोपवाटिकेची जागा, म्हणजे दाढ, शेण, झाडांची कवळे, पातेरा व गवत यांचे थर देऊन भाजावयाची ही पद्धत ठाणे व पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ साली झाले. परंतु राबाचा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. मुंबई इलाख्यातील जंगलांविषयी नेमलेल्या आयोगाने १८८७ च्या अहवालात या दोन जिल्ह्यांतील राबाची चर्चा केली होती. जंगल राखू पाहणारे सरकार एकीकडे आणि राबाशिवाय रोप होत नाही असे सांगणारे शेतकरी दुसरीकडे, असा तो वाद होता.

शेतकऱ्याचे म्हणणे अज्ञानाचे नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दाढ भाजल्याने वरच्या थरातील तणांचे बी जळते, काही किडी व रोगबीजे नष्ट होतात, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने वाढून सहज उपटता येते. म्हणून ज्या कार्यकर्त्याने केवळ "राब जाळू नका" असे सांगितले, त्याचे म्हणणे शेतकऱ्याने ऐकले नाही, तर त्यात नवल नाही. राब जे पाच लाभ देतो, तेच लाभ दुसऱ्या मार्गाने मिळवून दिले, तरच बोलण्यास वजन येते.

आता हानीची बाजू पाहू. कवळे व पातेरा यांतील नत्र जळून हवेत जाते. सेंद्रिय द्रव्य, ज्याची कोकणच्या धुपणाऱ्या जमिनीस सर्वांत जास्त गरज आहे, तेही जाते. एक हेक्टर भातलावणीसाठी साधारणतः दहा गुंठे रोपवाटिका लागते. म्हणजे एका भागाच्या रोपासाठी दहा भागांवरील, आणि डोंगरावरीलही, पाला गोळा करून एके ठिकाणी जाळला जातो. झाडे दरवर्षी खरडली जातात, ठिणगी उडाल्यास वणवा लागतो आणि धूर गावावर राहतो.

राबास पर्याय

पहिला पर्याय सूर्याचा. ज्या उष्णतेसाठी आपण पाला जाळतो, ती उष्णता एप्रिल-मे महिन्यांत आकाशातून फुकट मिळत असते. रोपवाटिकेची जागा नांगरून, ढेकळे फोडून सपाट करावी. माती सुमारे पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंत ओली करावी व तिच्यावर पातळ, पारदर्शक पॉलिथिनचा कागद ताणून अंथरावा. कडा मातीत चांगल्या पुराव्यात, नाहीतर दुपारचा वारा कागद उचलतो. चार ते सहा आठवडे कागद तसाच ठेवावा. कागदाखालील माती उघड्या मातीपेक्षा आठ-दहा अंशांनी अधिक तापते व बहुतेक हंगामी तणांचे बी मरते. काळा कागद वापरू नये. त्याने ऊन आत जात नाही. लव्हाळ्यासारखे गाठींपासून वाढणारे तण मात्र या उपायाने पुरते जात नाही. ते खणूनच काढावे लागते. एक गुंठा जागा एकदा ओली करण्यास सुमारे तीन हजार लिटर पाणी लागेल, असे धरून चालावे. म्हणून जेथे पाणी दूर आहे तेथे प्रथम दोनतीन वाफ्यांवरच प्रयोग करावा. कागद नंतर धुऊन, घडी घालून पुढील वर्षासाठी ठेवावा. तो जाळू नये. तसे केल्यास राबाचा धूर टाळून अधिक वाईट धूर केल्यासारखे होईल.

दुसरा पर्याय भाताच्या तुसाच्या काळ्या राखेचा. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो अशी राख मातीत मिसळावी, असे सांगितले आहे. या राखेतून पालाशाबरोबर सिलिका मिळते, रोप ताठ व कणखर होते आणि सहज उपटते. गिरण्यांत व भट्ट्यांत इंधन म्हणून तूस जळतच असते; त्याची राख फेकून न देता तिचा येथे उपयोग होतो. दहा चौरस मीटरच्या वाफ्यास पाच ते दहा किलो राख पुरते.

तिसरा पर्याय गिरिपुष्पाचा. बांधावर जूनमध्ये गिरिपुष्पाची खुंटे लावली, तर पुढे दरवर्षी हिरवा पाला मिळतो. चारसूत्रीप्रमाणे लावणीपूर्वी आठवडाभर आधी गुंठ्यास पंचवीस ते तीस किलो पाला चिखलात गाडावा. नत्र जळून न जाता जमिनीतच राहते आणि डोंगरावरील झाडांवरचा कोयताही थांबतो.

ज्यांना यंदा राब टाळणे शक्यच नाही, त्यांनी निदान चार नियम पाळावेत. दाढीभोवती तीन मीटर रुंदीची पट्टी गवत काढून मोकळी करावी. सकाळचे धुके व जड हवा उठल्यावर, पण दुपारचा वारा जोर धरण्यापूर्वी पेटवावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आग सरकेल, अशा बाजूने पेटवावे, म्हणजे ती हळू जळते. आणि पाण्याची पिंपे जवळ ठेवून शेवटची ठिणगी विझेपर्यंत जागा सोडू नये. राबात प्लास्टिक, रबर अथवा रंगाचे डबे कदापि टाकू नयेत.

जमिनीची निवड आणि क्षार

परसबागेची जागा निवडताना खाडीकडील शेतकऱ्यांनी क्षारांचा विचार प्रथम करावा. पावसाळ्यात गोड्या पाण्याने क्षार खाली जातात. परंतु ऊन वाढताच जमिनीतील ओल वर चढून उडून जाते व क्षार पृष्ठभागावर उरतात. मार्च-एप्रिलमध्ये दिसणारी पांढरी खपली ती हीच. अशा जागेत उन्हाळी भाजी करू नये. बांधास खांड पडली असेल अथवा उघाडीची झडप नीट बसत नसेल, तर भरतीचे पाणी आत येऊन पुढील हंगामातील भातही धोक्यात येते. म्हणून बांध-उघाडीची दुरुस्ती हे उन्हाळ्यातील पहिल्या क्रमांकाचे काम समजावे.

मातीच्या अर्काची विद्युत वाहकता प्रति मीटर ४ डेसीसायमनपेक्षा अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करावी, कारण खाडीलगतच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात. पाण्याची वाहकता ३ डेसीसायमनच्या वर गेली, तर ते भाजीस देऊ नये. घेवडा, कांदा व गाजर यांस क्षार मुळीच सोसत नाहीत. बीट व पालक त्यांच्या मानाने अधिक सोसतात. झाडांपैकी नारळ व चिकू बरेच सोशीक आहेत. किंचित क्षार असलेल्या जागी सरी-वरंबे करून बी वरंब्याच्या माथ्यावर न टोकता बगलेत टोकावे, कारण पाणी उडताना क्षार माथ्यावर गोळा होतात. पनवेल येथील कृषी विद्यापीठाच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी भाताच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या आहेत. खरीपाचे बियाणे ठरविताना त्यांचा विचार करावा.

पाण्याचा हिशेब

भाजी लावण्यापूर्वी पाणी मोजावे. उन्हाळ्याच्या दिवसात जमीन व पिके यांमधून पाच मिलीमीटर पाणी उडते असे धरले, तर एका गुंठ्यास रोज सुमारे पाचशे लिटर पाणी लागेल; दहा चौरस मीटरच्या वाफ्यास पन्नास लिटर, म्हणजे साधारण चार घागरी. घरातील भांडी व भाजीपाला धुण्याचे पाणी इतक्या वाफ्यास पुरू शकते. हे गणित न करता अनेकजण मार्चमध्ये मोठी लागवड करतात आणि मेमध्ये विहीर तळास गेली की सगळीच वाळवून बसतात. पाणी पुरेल तेवढेच वाफे करावेत.

वाफ्यावर सात-आठ सेंटिमीटर जाडीचे पेंढ्याचे अथवा वाळलेल्या पाल्याचे आच्छादन केले, तर पाणी बरेच वाचते, तण कमी होते व क्षार वर येण्यासही आळा बसतो. जो पातेरा राबात जळावयाचा, त्याचा हा अधिक चांगला उपयोग होय. वेलांच्या आळ्याशेजारी मातीचे सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवल्यास पाणी झिरपत राहते. पाणी सकाळी लवकर अथवा सायंकाळी मुळांपाशी द्यावे.

काय लावावे, केव्हा लावावे

उन्हाळी भाज्यांची पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत आटोपावी. मागे मोजून पाहिल्यास याचे कारण कळते. भेंडी व काकडीचा पहिला तोडा सुमारे पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी येतो आणि पुढे महिनाभर तोडे चालतात. म्हणजे १५ मार्चला टोकलेली भेंडी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन पावसाच्या आत संपते. त्याहून उशीर झाला, तर ऐन तोडणीत पाऊस गाठतो. माठ पंचवीस-तीस दिवसांत तयार होतो; तो एप्रिलमध्येही थोडा थोडा पेरता येतो.

१९७२ साली स्थापन झालेल्या दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने या हवामानासाठी निवडलेल्या जाती घ्याव्यात : काकडीत शीतल, कारल्यात कोकण तारा, पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात कोकण हरिता, चवळीत कोकण सदाबहार. टोमॅटो या काळात नव्याने लावू नये. पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की त्याचा मोहर गळतो. भेंडी, गवार व चवळी मात्र ऊन सोसतात. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून टोकावे.

वेलींच्या फुलांची वेळ ओळखून काम करावे. काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात. दुधी, दोडका व पडवळ यांची फुले सायंकाळी व रात्री उमलतात. काकडीच्या फुलांवर सकाळी मधमाश्या येतात. त्या वेळी बागेजवळ धूर केला अथवा औषध फवारले, तर माश्या येत नाहीत, फळे वाकडी होतात किंवा धरतच नाहीत. "फुले पुष्कळ, पण काकडी लागत नाही" अशी तक्रार असल्यास खताचा विचार करण्यापूर्वी सकाळच्या धुराचा विचार करावा.

आंब्याच्या झाडांस, पाणी उपलब्ध असल्यास, फळे वाटाण्याएवढी असल्यापासून अंड्याएवढी होईपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा प्रत्येकी दीडशे ते दोनशे लिटर पाणी द्यावे. मार्चच्या उष्ण झळीने होणारी गळ त्यामुळे कमी होते. झाडाखाली पाल्याचे आच्छादन ठेवावे. उघड्या तापलेल्या जमिनीची झळ हापूसमध्ये साका होण्याचे एक कारण आहे.

कलमांची पूर्वतयारी आणि वळवाचा पाऊस

पावसाळ्यात लावावयाच्या कलमांचे खड्डे एप्रिल-मेमध्येच खणावेत. आंबा व नारळ यांसाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. आंब्यात दहा मीटर, तर नारळात साडेसात मीटर अंतर राखावे. खड्डे तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावेत व मेअखेर वरची चांगली माती, शेणखत व पालापाचोळा यांनी भरावेत. तळाशी बसणारा पालापाचोळा वाळवीस आमंत्रण ठरू नये, म्हणून तो मातीत नीट मिसळावा.

पाऊस नेहमी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो; परंतु त्यावर विसंबून राहू नये. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला व ज्यांचे खड्डे, बांध व रोपवाटिका तयार नव्हत्या, त्यांची तारांबळ उडाली. उलट, एखाददुसऱ्या वळवाच्या सरीवर भुलून कलम लावले, तर पुढील पंधरा दिवसांच्या उन्हात ते वाळते. यास्तव तयारी २० मेपर्यंत पूर्ण करावी; लावणी मात्र सलग पाऊस पडून खड्ड्यातील माती बसल्यावरच करावी.

वादळाचेही भान ठेवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटर होता. जिल्ह्यातील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा त्यात उन्मळून पडल्या. अशा वाऱ्यापुढे सर्वच झाडे वाचविता येत नाहीत. परंतु मेमध्ये सुकलेल्या व घराकडे झुकलेल्या फांद्या काढणे, कलमांस दोन बाजूंनी आधार देऊन काथ्याने सैल बांधणे आणि पश्चिमेस वाराविरोधी झाडांची ओळ वाढविणे एवढे आपल्या हातात आहे. वळवात विजा पडतात. ढग गडगडू लागताच मोकळे खाचर व एकटे उभे झाड सोडून पक्क्या घरात यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

सांगण्यापेक्षा दाखविण्याने काम लवकर होते. गावात एकाच शेतकऱ्याच्या दाढीवर तीन सारखे वाफे घ्यावेत : एक राब भाजलेला, एक उन्हात कागदाखाली तापविलेला व तुसाची राख मिसळलेला आणि एक काहीच न केलेला. तिन्हींत एकच बियाणे, एकाच दिवशी व एकाच वजनाने पेरावे. पेरणीनंतर वीस दिवसांनी एक चौरस मीटरमधील तण उपटून मोजावे, रोपांची उंची मोजावी आणि गावकऱ्यांस स्वतः रोपे उपटून पाहू द्यावीत. निकाल जो येईल तोच नोंदवावा. राबाचा वाफा सरस ठरला, तर तेही मोकळेपणाने सांगावे व दुसऱ्या वर्षी प्रयोगात काय कमी पडले ते शोधावे. शेतकऱ्याचा विश्वास एकदा गेला, तर पुढील दहा सल्ले वाया जातात.

धुळीचे प्रात्यक्षिकही सोपे आहे. पांढऱ्या ताटल्यांवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून एक रस्त्याकडेला, एक कुंपणामागे व एक गावाबाहेर चोवीस तास ठेवावी. हे शास्त्रीय मोजमाप नव्हे. परंतु कुंपणाने किती धूळ अडते, हे शाळेतील मुलांनाही त्यावरून पटते. हवामानाच्या माहितीसाठी भारत हवामान विभाग व कृषी विद्यापीठ यांचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा.

शेतकरी बंधुभगिनींनो, ऊन, वारा आणि पाला या तिन्ही गोष्टी आपल्या गावात विनामूल्य मिळतात. उन्हाने दाढ तापवावी, वाऱ्याची वेळ पाहून काम करावे आणि पाला जमिनीस परत द्यावा. यंदा निदान एका वाफ्याचा राब न जाळता रोप करून पाहावे, त्याचे तण व रोपे मोजून ठेवावीत आणि पुढील शिमग्यास त्या नोंदीवरून आपला निर्णय आपणच घ्यावा.